सोनाजीची पायरी

बैल मी सोनाजीच्या ओसरीच्या खांबाला बांधला. खुंटा अंगणातच होता, पण तिथवर जायचा मला कंटाळा आला. रस्त्यात कुणाचा तरी पत्र्याचा डबा पडला, बैल बुजला आणि खांब सोबत घेऊनच निघाला. पऱ्हाट्यांचं छप्पर मागे मुकाट्याने खाली बसलं.

रझाकारांच्या धामधुमीआधीची, आमच्या शिरड शहापुरातली ही गोष्ट. दुसऱ्याच दिवशी सोनाजीच्या सखूला बघायला डोंगरकड्याची माणसं यायची होती. परक्या माणसाला तेव्हा ओसरीच्या पुढे नेत नसत; ओसरीच नाही तर पाहुणे बसवायचे कुठे? सोनाजीची बायको पार्वतीबाई म्हणाली, "पंत, बैलाला अक्कल नसती म्हनतेत. बांधनाराला तरी असावी."

मी घाईघाईने आमची ओसरी देऊ केली. चांगली चार खणांची, सागवानी खांबांची.

सोनाजीची ओसरी त्याने स्वतःच्या हाताने उभारलेली. तिच्यावर कुणीही बसे, वाटसरू निजे आणि मी गेलो की घोंगडी अंथरली जाई. आमच्या ओसरीवर मात्र सोनाजी कधी चढला नव्हता. आला की पायरीवर टेके. वर येऊ नको असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

पाहुणे आले, जाजमावर बसले. मुलीचा बाप सवयीने पायरीवर. नवऱ्या मुलाचे वडील संतराम पान लावता लावता थांबले.

"सोनाजीराव, तुमी खाली काहून?"

एवढ्यावरून सोयरीक फिसकटू शकते हे तिथे सगळ्यांना कळत होतं. सोनाजीने माझ्याकडे पाहिलं. मी अडकित्त्याकडे पाहिलं.

"इथं वारं बरं लागून राहिलं," तो म्हणाला.

त्या दिवशी लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

संतराम उठले. "मंग आमालाबी लागू द्या की, व्याही." ते पायरीवर जाऊन बसले, मागोमाग त्यांचे भाऊबंद. सखूचं लग्न पायरीवर ठरलं. वर चार खणांत उरलो मी आणि पानाचं तबक.

पाहुणे गेल्यावर मी चाचरत म्हणालो, "सोनाजी, आता तरी वर ये. चहा घे."

तो धोतर झटकत उठला.

"आधी माहा खांब उभा करा पंत, मी माह्याच ओसरीवर बसतो."