उभ्या गाडीत अडकलेला गेम

वडील एसटी चालवायचे. शहापूर-डोळखांब, शहापूर-मुरबाड, आणि शेवटची काही वर्षं टोकावड्यावरून माळशेजकडे जाणारी गाडी. निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र मागे राहिला. बोटं मिटायची, पण त्यांना हवी तेव्हा नाही. झटक्यानंतर त्यांनी डेपोत एकदा गाडी चालवून दाखवली होती. साहेबांनी चांगल्या शब्दांत नकार दिला. घरी येऊन ते आईला एवढंच म्हणाले, "हात ऐकत नाय."

शहापूरला व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक मऊ चेंडू दिला आणि बसल्या-बसल्या दाबत राहायला सांगितलं. वडिलांनी तो थोडे दिवस दाबला आणि मग खिडकीत ठेवून दिला. आई तो आणून त्यांच्या हातात द्यायची, ते परत खिडकीत ठेवायचे. यावरून घरात भांडण कधी झालं नाही.

मी मुरबाडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. शेणव्याहून स्कूटरने जाऊन-येऊन असते. घरातला कॉम्प्युटर मी स्वतः जुळवला होता. काही भाग नवे घेतले, काही एका सहकाऱ्याच्या जुन्या मशीनमधले, आणि बाहेरच्या खोलीत चादर पसरून एका रविवारी सगळं बसवलं. आईचं म्हणणं, तयार मिळतो तर तयार आणावा. मला गेम खेळायला आवडतात. कामावर हे मी फारसं कोणाला सांगत नाही. लग्नाचं वय मागे टाकलेली बाई घरी जाऊन गेम खेळते म्हटल्यावर पुढे काय बोलावं, ते लोकांना कळत नाही.

एकदा वडील माझ्या मागे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "यात गाडी असते काय गो?"

"असते."

"मोठी?"

"ट्रक असतो. मालाचा."

"बघू."

मी ट्रक चालवायचा एक गेम घेतला. आधी ते कीबोर्डवर खेळले, पण बटणं दाबून गाडी वळते हे त्यांना पटेना. मग मी वापरलेलं स्टिअरिंग मिळवलं, पायाशी ठेवायचे पेडल आणि गिअरचा दांडा असलेलं. दांडा कोणत्याही बाजूला लावता येत होता. मी तो डावीकडे लावला. पहिल्या दिवशी त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून दांड्यावर नेऊन ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. पुढे पुढे तो स्वतःहून तिथे जायला लागला.

ते गेममध्येही एसटीच चालवत होते. वळणावर हॉर्न, निघताना दोन्ही आरसे, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा इंडिकेटर. गेममधले रस्ते परदेशातले होते, तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. "उलटी लोकं," असं म्हणून त्यांनी तेही जमवून घेतलं.

मग गेम अडकायला लागला. एका उतारावर स्क्रीन जागच्या जागी थांबली आणि इंजिनाचा आवाज एकाच सुरात घुमत राहिला. काही दाबलं तरी हलेना. वडिलांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून घेतले.

"काय झालं?"

"हँग झाला. होतं कधीतरी."

बटण दाबून मशीन बंद केलं, परत सुरू केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

"माझ्या हातानं कायतरी दाबलं जातंय," ते म्हणाले.

"नाय बाबा, मशीनचा प्रॉब्लेम आहे."

"तुज्या गेमला होत नाय तो."

ते खरं होतं. माझे गेम जुने आणि हलके होते, मशीनवर त्यांचा भार पडत नव्हता. मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर मी बोलावलं तर म्हणायचे, "तू खेळ."

कारखान्यात एखादा माल सारखा बिघडायला लागला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. दोन बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही. मी तसंच करायचं ठरवलं. आधी उष्णता. आमच्या खोलीवर पत्रा आहे, दुपारी आत भट्टी होते. मी डबा उघडला, पंख्यांवरची धूळ पुसली, प्रोसेसर थंड ठेवणारी वाळलेली पेस्ट काढून नवी लावली. तापमान दाखवणारा आकडा कोपऱ्यात सुरू ठेवला. गेम अडकला तेव्हा आकडा व्यवस्थित होता. मग ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. फरक नाही. विजेचा दाब मोजला, पाण्याचा पंप चालू असताना आणि बंद असताना. त्यातही काही सापडलं नाही.

आई म्हणाली, "सारखी खोलतेस कशाला? चांगला होता तो पण मोडशील."

उरली शंका स्टिअरिंगची. जुनं होतं, त्याच्या वायरीतून काही गडबड होत असेल. ते काढून ठेवून गेम चालू ठेवायचा आणि कोणी हात न लावता काय होतं ते पाहायचं, असं मी ठरवलं. एकटीने तासभर बसून राहायचा कंटाळा आला म्हणून रविवारी दुपारी वडिलांना हाक मारली. त्यात दुसरा काही विचार माझ्या डोक्यात नव्हता.

"बाबा, बसा इथे. पण हात लावायचा नाय."

"मग बसू कशाला?"

"बघायला."

ट्रक एका गोदामाच्या आवारात, इंजिन चालू ठेवून उभा केला. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. आईने चहा आणून दिला. गेममध्ये पाऊस सुरू झाला.

"वायपर लाव," वडील म्हणाले.

"हात लावायचा नाय, ठरलंय."

काच धूसर होत गेली. वडिलांना ते बघवत नव्हतं, हे त्यांच्या पायांच्या चुळबुळीवरून कळत होतं. आमचा चहा संपला आणि थोड्या वेळाने पावसाचे थेंब काचेवर जागच्या जागी थांबले. इंजिनाचा आवाज एका सुरात लागला.

वडील पुढे वाकले. "तू काय केलंस?"

"काय नाय. हे माझे हात."

"मी पण काय नाय केला."

"स्टिअरिंग तर काढून ठेवलंय."

त्यांनी मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, "ऐकलं काय गो? उभ्या गाडीत बंद पडली."

"मंग मी काय करू?" आतून आई म्हणाली.

त्यांनी ते मला परत सांगितलं, उभ्या गाडीत. संध्याकाळी शेजारचे काका आले, त्यांनाही सांगितलं. काकांना ट्रक कुठला, कोणाचा, काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "डिझेल संपलं असंल."

दुसऱ्या दिवसापासून मी कामावरून आले की वडील विचारायचे, "आज काय बदलायचा?" मी एक गोष्ट बदलायची, ते गाडी चालवून बघायचे. आता गेम अडकला तरी ते हात काढून घेत नव्हते, नुसते माझ्याकडे बघून मान हलवायचे. डेपोत गाडी दुरुस्तीला लावल्यावर चालक बाजूला उभा राहतो, तसे मी डबा उघडला की ते उभे राहायचे.

शेवटी मी मेमरीच्या पट्ट्यांकडे वळले. मशीनमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, एक मी नवी घेतलेली आणि एक सहकाऱ्याच्या जुन्या मशीनमधली. जुनी काढून फक्त नवी ठेवली. ट्रक हळू चालला, पण अडकला नाही. आठवडाभर नाही. म्हणजे जुनी खराब, असं मी धरून चालले. खात्री करायला नवी काढून जुनी एकटी लावली. तीही चांगली चालली. मग दोन्ही लावल्या, तर पहिल्याच चढावर गाडी थांबली.

"दोन्ही चांगल्या?" वडिलांनी विचारलं.

"हो. वेगळ्या वेगाच्या आहेत. एकमेकींशी जमत नाय."

"आणि हे आपल्याला आत्ता कळतंय."

"हो."

मी एकाच बनावटीची जोडी मागवली आणि आधीच्या दोन्ही काढून टाकल्या. त्यानंतर मशीन अडकलेलं नाही. वडील पहिले काही दिवस रोज संध्याकाळी बसले. एकदा मुरबाडहून त्यांचे जुने कंडक्टर भेटायला आले, तर त्यांना बाजूला बसवून एक पूर्ण फेरी करून दाखवली. कंडक्टर अधूनमधून म्हणत होते, "सावकाश घ्या."

व्यायामाच्या बाईंनी पुढच्या वेळी हात तपासला, पकड सुधारली म्हणाल्या, आणि चेंडू चालू ठेवायला सांगितलं. वडील हो म्हणाले. शर्टाची वरची बटणं अजून आईच लावते.