रश्वानची सही

आमच्या अलेक्झांड्रियाच्या इमारतीत वायरमन उस्ता रश्वानचं तोंड पाहायला कुणी खूश नसायचं. वीज गळली की पुरवठा तोडणारे स्विच तपासणं, हे त्याचं काम. तपासणीचं बटण दाबलं की खटका पडायचा, पंखे-टीव्ही सगळं बंद, आणि जिन्यातून शिव्यांची लाखोली सुरू. तो म्हणायचा, "पडतोय म्हणजे चांगला आहे. न पडणाऱ्याला भ्या." मग सही करून तपासणीची चिठ्ठी बोर्डावर डकवायचा.

तो गच्चीवरच्या खोलीत राहायचा. बकरी ईदच्या आधी त्याची बायको तहिय्या अख्ख्या इमारतीचे गालिचे गच्चीवर धुवायची. पाण्याची मोटार सुरू केली की स्विच पडायचा.

"हाज्जा, स्विचचा दोष नाही. मोटारीतून वीज गळतेय, ती बदला," रश्वानने हज करून आलेल्या मालकीणबाईंना, हाज्जा इन्शिराहला, बजावलं.

"तुझं काय जातंय सांगायला!" म्हातारी फणकारली. तिने दुसऱ्याच कुणाकडून स्विचला वळसा घालून तार जोडून घेतली. मोटार बिनबोभाट चालू लागली.

तपासणीच्या दिवशी नेमकी फुटबॉलची मॅच होती आणि आम्हाला पेनल्टी मिळालेली. तळमजल्यावर रश्वानचं बोट बटणावर. मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडलो, "उस्ता, आत्ता वीज घालवलीस तर जिन्यावरून ढकलीन!" सगळे खिदळले.

"लाव चिठ्ठी आणि हो चालता," हाज्जा म्हणाली. "रोजचीच तुझी कटकट."

त्याने बोट काढलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा बटण न दाबता सही केली. दाबलं असतं, तर स्विच पडूनही दिवे तसेच राहिलेले त्याला लगेच दिसले असते.

दोन दिवसांनी ओल्या पायांनी तहिय्या मोटार बंद करायला गेली आणि तिला चिकटली. किंकाळी ऐकून रश्वान तळमजल्यावरच्या बोर्डाकडे धावला, बटण दाबलं. स्विच पडला. मोटार चालूच राहिली. त्याने मुख्य खटका ओढला, तोवर वर आवाज थांबला होता.

मयतीच्या मांडवात आम्ही बिनसाखरेची कॉफी पीत बसलो होतो. हाज्जा मांडवाच्या तोंडाशी आली, बोर्डावरून खरवडून काढलेली चिठ्ठी तिने तिथेच बसलेल्या रश्वानच्या मांडीवर ठेवली.

"आम्हा बायकांना विजेतलं काय कळतं, उस्ता? सही तर तुझीच आहे ना?"

रश्वानने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"माझीच, हाज्जा."

वळसा घातलेली तार रश्वान सोडून सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. मलाही. आजही स्वतःची किळस येते. पण तेव्हा मी मान खाली घातली आणि कॉफी संपवली.