आत्याची झोप आणि आतोबांची शिष्यवृत्ती

आतोबांना जाऊन वर्ष झालं आणि आत्याने त्यांचं सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं दुकान विकून टाकलं. आलेला सगळा पैसा विद्यापीठाला देऊन त्यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती ठेवली. तीही मानव्यविद्यांत पीएच.डी. करणाऱ्यांसाठी! घरात सगळ्यांनी कपाळावर हात मारला. आतोबांचा आणि पीएच.डी.चा संबंध काय? आत्या म्हणाली, "नको त्या गोष्टीच्या मुळाशी जाण्यात त्यांचा जन्म गेला. विद्यापीठात त्यालाच संशोधन म्हणतात म्हणे."

खोटं नव्हतं ते. राजा बसलेला असताना बाकीच्यांनी उभं का राहायचं, असल्या विषयांवर हा माणूस तासन्‌तास बोलायचा. दुकानातलं गिऱ्हाईक पळून जायचं. घरी आत्या ऐकायची, म्हणजे लगेच घोरायला लागायची. गंमत अशी की ते थांबले की ती खाडकन जागी होऊन विचारायची, "मग पुढे?" आणि ते बिचारे पुढे सांगायचे.

बाकी कुणासमोर ती कधी पेंगली नाही. माझे वडील स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगायला लागले की ही टक्क जागी. आणि आतोबा गेल्यापासून तर तिची झोपच उडाली होती.

देणगी देताना तिने एकच अट घातली: "निवड समितीत मी बसणार आणि शेवटचा शब्द माझा." मुलाखतींच्या दिवशी तिला गाडीतून घेऊन मी गेलो. विभागप्रमुख बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "आजींचा डोळा लागला तर जरा कोपराने ढोसा हं."

ढोसायची वेळच येईना. पहिल्या उमेदवाराने जुन्या काळच्या खुनांवर असं काही भाषण ठोकलं की सगळे प्राध्यापक खुर्चीच्या टोकाशी आले. आत्या जागी. दुसरा पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत स्वतःचीच पाठ थोपटत होता. तिची पापणीही लवली नाही.

तिसरी एक हडकुळी मुलगी. ही शिष्यवृत्ती हुकली तर प्रबंध गुंडाळून भावाच्या टायरच्या दुकानात बसावं लागेल, हे तिने आल्या आल्या सांगून टाकलं. तिचा विषय, जुन्या नाटकांतले नोकर दारात का ताटकळतात. आवाज एकसुरी, नजर समितीकडे नाहीच, कुठेतरी त्या दाराकडे. ती बोलत गेली आणि माझ्या शेजारून चक्क घोरणं ऐकू आलं. मी कोपर उचललं. पण आत्याचा चेहरा इतका निवांत मी वर्षभरात पाहिला नव्हता. कोपर तसंच राहिलं.

मुलीचंही लक्ष गेलं. तिचे डोळे भरून आले आणि ती गप्प झाली.

आत्या खाडकन जागी झाली. "मग पुढे? घेतलं का त्याला आत?"

मुलगी नाक ओढत पुन्हा बोलू लागली. आत्या पुन्हा घोरू लागली.

मुलाखती संपल्यावर प्राध्यापक त्या खुनांवरच अडून बसले. आत्या म्हणाली, "त्या तिसरीला द्या."

"अहो आजी, पण तुम्ही तर झोपला होतात!" विभागप्रमुख बाई म्हणाल्या.

"म्हणून तर! थापाड्या समोर असला की माझा डोळा लागत नाही, लक्ष ठेवावं लागतं. आमच्या ह्यांच्यावर कधी ठेवावं लागलं नाही."

मुलीला आत बोलावून निकाल सांगितला, तर तिला खरंच वाटेना. "पण त्या तर..." एवढंच म्हणत राहिली.

परतताना मी फुशारक्या मारत गाडी चालवत होतो. हीच मुलगी जिंकणार हे मी कसं आधीच ओळखलं, प्राध्यापकांना मी कसं गप्प केलं असतं, वगैरे. आत्या टक्क जागी. सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्याकडचा मालमसाला संपला. मी म्हणालो, "आत्या, आतोबांची फार आठवण येते गं."

वळून बघतो तर तिचं डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड उघडं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी हळू काढली आणि आतोबांचं जे आठवेल ते सांगत राहिलो. थांबलो असतो तर ती जागी झाली असती.