तात्यांनी आणलेला भंडारा

श्रावणातला रविवार, सकाळची वेळ. ठिकाण काटेवाडी, भावाच्या घराची ओसरी. हजर: आमचे चुलते तात्या, माझी भावजय, तिचा भाऊ आणि मी. विषय: माझ्या धाकट्या भावाची दारू कशी सोडवायची. भाऊ स्वतः गैरहजर. तो मागे गोठ्यात धारा काढत होता. एक हाक मारली असती तर आला असता, पण त्याला बोलवावं असं कुणालाच वाटलं नव्हतं.

भाऊ रुग्णवाहिका चालवतो. गाडी इंदापूरच्या बाजूला उभी असते. लोणी देवकरजवळ हायवेवर अपघात झाला किंवा कालव्यात कुणी पडलं, की सगळ्यांच्या आधी तिथे पोचणाऱ्यांत तो असतो. गाडीत डॉक्टर असतात, पण चेपलेल्या पत्र्यातून माणूस ओढून काढायचा, त्याला चिखलातून वर आणायचं, ही कामं शेवटी ड्रायव्हरच्या अंगावर येतात. तो ड्यूटीवर कधी प्यायला नाही. ड्यूटी संपली की मात्र रोज प्यायचा. सकाळी हात थरथरायला लागले तेव्हा त्याने आपणहून गाडीची किल्ली साहेबांच्या हातात दिली. साहेब म्हणाले, डॉक्टरांचा दाखला आण आणि किल्ली घेऊन जा. नाही आणलास तर त्या जागेवर दुसरा माणूस. यात मला काही वावगं वाटलं नाही. थरथरत्या हातांनी पेशंट न्यायचा नसतो.

म्हणजे दाखला हवा होता, आणि त्यासाठी उपाय ठरवायचा होता. मी मुद्दे लिहून गेले होते. वाचायची वेळच आली नाही.

तात्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून पाटावर ठेवली. वर बेलाची दोन पानं.

"श्रावण हाय, आयता मुहूर्त. देवापुढं बेलभंडारा उचलू द्या त्याला. आजपासनं थेंब न्हाय. इषय संपला."

भावजय हळूच म्हणाली, "गेल्या साली बी उचलला व्हता की, तात्या."

"मग? मोडलाच की त्यानं."

इथे माझं डोकं फिरलं. त्याने शपथ मोडली नव्हती, पाळली होती. रोज पिणाऱ्या माणसाने देवाच्या धाकाने एका दिवसात दारू तोडली आणि दोन-तीन दिवसांनी गोठ्यात फिट येऊन पडला. बारामतीच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, की इतकी पिणाऱ्याने अचानक बंद केली तर जीव जाऊ शकतो, औषधं देऊन देखरेखीखाली सोडवावी लागते. गावाने काय म्हटलं? देवाचा कोप. त्या शरमेने तो पुन्हा प्यायला लागला, आणि त्याचंच नाव झालं शपथ मोडणं!

भावजयीच्या भावाकडे दुसरा उपाय तयार होता. "माझ्या वळखीचं एक केंद्र हाय. काही महिने आत ठेवत्यात. फोन न्हाय, भेट न्हाय. त्यांचीच गाडी येती, माणसं धरून घालत्यात. तुमी फकस्त सही करा."

"धरून म्हणजे?"

"सांगून कोण जातंय व्हय, अक्का? झोपंत उचलायचा."

"आयुष्यभर लोकांना उचलून गाडीत घालणारा माणूस, आणि तुम्ही त्याला झोपेत उचलणार?"

तो हसला. मला हसू आलं नाही. मी उठले आणि गोठ्याकडे तोंड करून भावाला हाक मारली.

तो बादली घेऊनच आला. पाट, पुडी, आमची तोंडं, सगळं बघून म्हणाला, "माझ्याच पंचनाम्याला मला बोलवलंत, लय उपकार झालं."

"काय करायचं ते तू सांग," मी म्हणाले.

त्याने आधीच ठरवलेलं होतं. "डॉक्टरांकडं जाऊन आलोय. पयलं काही दिस ॲडमिट, मग गोळ्या अन् तपासणी. बारामतीत दारू सोडलेल्या लोकांची बैठक भरती, तितं बी गेल्तो. माणसं चांगली हायती. पर मी कालव्यातल्या लेकराचं सांगाया लागलो तर एक बाई रडत उठून गेली. मग मी गप बसलो. इंदापुरात आमचा एक जुना ड्रायव्हर हाय, त्याची सुटली. त्याच्यापशी काय बी लपवाया लागत न्हाय. म्हंजे दवाखाना, बैठक अन् तो. तिन्ही पायजेत."

"एवढा पसारा?" तात्या म्हणाले. "लोक नुसती सोडत्यात. मन घट्ट पायजे."

भावाने बादली खाली ठेवली. "तात्या, तुमच्या हिरीतनं मजूर काढला तवा मला बाटली कुणी धाडली?"

"आरं, ती रीत हाय. बॉडी काढणाऱ्याला द्यावीच लागती. वास जातो. माणुसकी म्हणून दिली."

ही रीत आमच्याकडे सगळीकडे आहे. प्रेत उचलणाऱ्याला कुणी घरात घेत नाही, आपल्या घरच्या कपात चहा देत नाही. बाटली तेवढी लांबूनच बांधावर ठेवता येते. वर्षानुवर्षं बांधाबांधावर आम्हीच त्याच्यासाठी बाटल्या ठेवल्या, आणि आता त्याने मन घट्ट करावं म्हणून आम्हीच बेल-भंडारा घेऊन बसलो होतो.

"माणुसकी असती तर चहा दिला असता, तात्या," मी म्हणाले. "आता हा भंडारा तुमीच उचला. इथून पुढं कुणाला बाटली देणार न्हाय म्हणून."

तात्या उठले, टोपी नीट केली, "बघू" म्हणाले आणि पुडी तिथेच टाकून गेले.

पुढची कामं भराभर उरकली. शेजारणीने धारा काढायचं कबूल केलं, भावजय दवाखान्यात राहिली, कागदपत्रं मी सांभाळली. या खेपेला फिट आली नाही. आता तो तपासणीला जातो, बैठकीला जातो, एसटीने इंदापूरला जुन्या ड्रायव्हरकडे जातो. मध्ये एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांना सांगून आला. दाखला अजून मिळालेला नाही. किल्ली साहेबांकडेच आहे.

परवा कालव्यावर पुन्हा गाडी आली होती. बदलीचा ड्रायव्हर होता. त्याला काय दिलं ते मी भावजयीकडून विचारून घेतलं. क्वार्टर दिली, तात्यांच्या घरून.

भंडाऱ्याची पुडी माझ्या पर्समध्ये आहे. ती घेऊन तात्यांच्या दारात जायचं राहिलंय.