निळ्या डोळ्याचा पोपट

हसायचं नाही, अशी अट घालून सांगणार होतो. पण ज्याला ज्याला सांगितलं तो हसलाच, तेव्हा तुम्हीही हसा. फक्त हातातला चहा आधी संपवा, उगाच कपड्यांवर सांडायचा. एका तोरणापायी मी या वयात काय करून बसलो, त्याची ही हकिकत.

माझी बायको सुनंदा मण्यांची तोरणं करायची. करी रोडला आमच्या मजल्यावर तिचं तोरण नाही असं एकच दार. आमचं. "आपलं काय, करीन सावकाश," म्हणायची. ते सावकाश काही उजाडलं नाही. गेल्या वर्षी ती गेली.

तिची एक खूण होती. तोरणात ओळीने पोपट, सगळ्यांचे डोळे लाल, एकाचा मात्र मुद्दाम निळा. सगळंच बिनचूक झालं की नजर लागते, हे तिचं शास्त्र.

माणूस गेल्यावर वर्षभर दाराला तोरण लावत नाहीत. त्यामुळे आमची चौकट उघडी होती याचं कोणालाच काही वाटलं नाही. पण वर्ष सरत आलं, आणि माझं बूड एका जागी ठरेना. वर्ष संपल्यावर लावणार काय? बाजारातलं? शेजाऱ्यांच्या दारावरचं तिचं तोरण मागायला तोंड होईना. लिहायला बसायचो, उठायचो, दार उघडून वर बघायचो, दार लावायचो. पुन्हा उघडायचो.

शेजारचे सावंत एकदा म्हणाले, "कोणाची वाट बघतास?"

मग त्यांनीच मला फोटो टाकायच्या त्या ॲपवर नेऊन बसवलं. तिथे एक वेगळंच गाव वसलंय हो. क्रोशावाल्या, मण्यांवाल्या, आणि त्यांच्या वस्तू जमवणारे शौकीन. एकीने फोटो टाकायचा, दुसरीने विचारायचं, कुठलं, कोणी केलं, टाका कसा घातला. सुनंदा असती तर स्वयंपाक राहिला असता. मी खरं नाव द्यायला संकोचलो. सावंत म्हणाले, काहीही घाला. मी 'निवांत' असं नाव घेतलं. तेव्हा मी दिवसभर येरझाऱ्या घालत होतो, हे लक्षात असू द्या.

दुसऱ्याच दुपारी सापडलं. 'गणेशपट्टी' नावाचं पेज, चालवणारीचं नाव कुठेच नाही. पांढऱ्या चादरीवर पसरलेलं तोरण आणि खाली ओळ, 'गिरगावातल्या एका काकूंकडून मिळालं.' मी फोटो मोठा केला. लाल डोळा, लाल, लाल, निळा. पाणी प्यायलो आणि लिहिलं, "महोदया, सविनय नमस्कार. आपल्या संग्रहातील पोपटांचे तोरण मजला हवे आहे. योग्य मूल्य देण्यास तयार आहे."

उत्तर आलं, "विकायचं नाही, काका."

काका कशावरून? असो.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं, माझ्या बायकोच्या हातचं आहे म्हणून. नाही सांगवलं. परक्या बाईपुढे आपलं दुःख मांडून वस्तू मागायची, हे जमलं नाही. मी लिहिलं, "वैयक्तिक निकड आहे." नकार. सावंतांना विचारलं.

"तिका भाव वाढवून व्हयो, दुसरा काय?"

वाढवला. नकार. मग मी रोजच लिहू लागलो. सकाळी विनंती, दुपारी स्मरणपत्र. शेवटी, "ही वस्तू आपणाकडे असणे उचित नव्हे," असंही लिहून मोकळा झालो. मला वाटत होतं मी फार संयमाने चाललोय.

रविवारी मृणाल आली. माझी मुलगी, दादरला असते, येताना बोंबील घेऊन येते. जेवताना म्हणाली, "बाबा, एक माणूस नुसता डोक्यात जातोय माझ्या. मी एक पेज चालवते ना, तिथे येऊन रोज एकच तुणतुणं."

"ऑफिसचं पेज?"

"हं... तसंच समजा."

ती जाहिरातीच्या कंपनीत आहे, मी पुढे विचारलं नाही. पण माझं डोकं तापलं. आई नाही पोरीला, आणि कोणीही उठून त्रास देतो म्हणजे काय?

"वय काय त्याचं?"

"भाषेवरून तरी नव्वदीचा वाटतो."

"लाज नाही वाटत? हे बघ, भीड ठेवू नकोस. वयाची आठवण करून दे, चार शब्द सुनाव आणि ब्लॉक कर."

"वाईट वाटतं हो. एकटा असेल बिचारा."

"एकटा असेल तर घरच्यांनी सांभाळावं. तुला कशाला ताप?"

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने.

त्याच संध्याकाळी मला निरोप आला, "काका, तुमच्या वयाला हे शोभत नाही. घरच्यांना सांगा जरा सांभाळायला." आणि ते पेज माझ्यापुरतं नाहीसं झालं.

तुम्हाला वाटेल आता तरी याची ट्यूब पेटली असेल. छे. मी लेखक माणूस, मला वाटलं हल्ली उद्धटपणाचीही एक ठरावीक भाषा झालीय, सगळे तेच बोलतात. आठवडाभर लालबाग ते परळ नुसता चालत होतो. मसाल्याच्या दुकानांसमोरून इतक्या वेळा गेलो की दुकानदार माझ्या शिंका ओळखू लागले.

पुढच्या रविवारी मृणालपुढे फोन ठेवला. "वाच. अशी बोलतात माणसं तुझ्या बापाशी."

तिने वाचलं. हातातली भाकरी ताटात ठेवली.

"बाबा, निवांत तुम्ही?"

"हो. का?"

ती हसायला लागली. मग रडली. मग रडता रडता पुन्हा हसली. मी आमटी वाढून घेतली, कारण दुसरं काय करावं सुचेना.

आईचं एक तरी तोरण घरात असावं म्हणून तिने ते पेज काढलं होतं. मजल्यावर मागितलं असतं तर मला कळलं असतं, म्हणून निळ्या डोळ्याची खूण लिहून अनोळखी बायकांना विचारत सुटली होती. गिरगावच्या काकूंनी स्वतःच्या दारावरचं उतरवून दिलं. घेतलं काहीच नाही, फक्त तुमच्या दाराला लागलं की फोटो टाक म्हणाल्या.

"वर्ष झालं की लावणार होते, तुम्हाला न सांगता," मृणाल म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवलेलं, म्हणून तर तुम्हाला देत नव्हते."

आता तोरण दारावर आहे. मृणालने फोटोही टाकला. त्याखाली बायकांनी पुष्कळ काय काय लिहिलंय म्हणे. सावंत मला वाचून दाखवतात. मला बघायचं झालं तर दार उघडून गॅलरीत जावं लागतं, कारण त्या पेजवर मी अजून ब्लॉक आहे.

"काढ की आता ते," परवा म्हटलं तिला.

"का म्हणून? घरच्यांनी सांभाळावं म्हणालात ना? सांभाळतेय."