जानकीबाईंची सहाची सभा

नाहूर स्टेशनापासून थोडं आत गेलं की एक सात मजल्यांची सोसायटी लागते. तिथल्या सेक्रेटरी जानकीबाई. हौस म्हणून झाल्या असं नाही. आधीच्या सेक्रेटरीने राजीनामा दिला, त्या दिवशी सगळे मान खाली घालून मोबाइल बघत बसले आणि जानकीबाईंचा मोबाइल तेवढा घरी राहिला होता. मान वर एकट्या त्यांचीच. तेव्हापासून पंप बिघडला तरी जानकीकाकू, लिफ्टमध्ये कुणी पान खाऊन थुंकलं तरी जानकीकाकू.

घरात नवरा, चंद्रप्रकाश. मालवणकडचा माणूस, तरुणपणी गिरणीत होता. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, नाहीतर चालणं कायमचं सुटेल. चालवणार कुठे? पॅसेजमध्ये दारोदार चपलांची स्टँडं. रस्त्यावर रिक्षा अंगावर येतात. पालिकेची बाग आहे, पण रुळांपलीकडे, आणि पुलाला हे एवढे जिने.

इमारतीमागे मात्र मोकळी जागा होती. नकाशावर ती बाग म्हणून हिरवी रंगवलेली, प्रत्यक्षात तिथे फुटक्या लाद्यांचा ढीग. तिथे एक सपाट वाट, धरायला कडेने दांडा आणि दोन बाकडी, एवढीच जानकीबाईंची बाग. फुलं आली तर आली.

तिसऱ्या मजल्यावरच्या केतनला तिथे पार्किंग हवं होतं. तोही काही राक्षस नव्हे. नवी गाडी रस्त्यावर लावायचा, तर रोज कुणीतरी तिच्यावर नवीन रेघ ओढून जायचं.

निर्णय सभेत व्हायचा होता. जानकीबाई गुडघे धरत घरोघर फिरल्या. बायाबापड्या म्हणाल्या, "काकू, आमचा हात तुमच्याच बाजूने." मोजून बघितलं, तर हात पुरेसे होते.

आता सोसायटीच्या सभेची एक रीत असते, ती बाहेरच्याला कळायची नाही. नोटिशीत लिहायचं सहा. खाली लिहायचं, पुरेसे सभासद आले नाहीत तर सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने तिथेच भरेल, मग किती का असेनात. पुरेसे सभासद कधीच येत नाहीत. म्हणून सहा म्हणजे साडेसहा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नोटीस लिहिणाऱ्या जानकीबाईंना तर पाठच.

त्या दिवशी सहाला त्या नवऱ्याला पेज भरवत होत्या. मग सभेसाठी चहा केला, थर्मास भरला, केसांवरून फणी फिरवली आणि खाली उतरल्या. बघतात तर खुर्च्या भरलेल्या. केतनने आपली सगळी माणसं सहाच्या ठोक्याला आणून बसवली होती. पार्किंगचा ठराव होऊन टाळ्यासुद्धा वाजून गेल्या होत्या.

"माझ्याशिवाय?" जानकीबाईंनी विचारलं.

अध्यक्ष अनिरुद्धराव चष्मा पुसत म्हणाले, "काय करणार, सभा आज वेळेवर सुरू झाली ना." जणू अपघातच झाला होता.

"काकू, नोटीस तुमचीच आहे ना?" केतन म्हणाला. "सहा लिहिलंय. आम्ही सहाला आलो."

यात खोटं काहीच नव्हतं, हाच त्रास. तेवढ्यात जानकीबाईंच्या बाजूच्या बायका पावडरी लावून, साड्या बदलून रांगेने आल्या. चहा मात्र दोन्ही पक्षांनी प्याला.

शेजारची कमल डोक्याला हात लावून म्हणाली, "वाट लागली! जानके, तू तरी वेळेवर यायचं ना गं!"

"तू का नाही आलीस?"

"मी कुकर लावला होता."

"मग झालं तर."

"वॉर्ड ऑफिसात तक्रार टाक. नकाशावर बाग आहे, गंमत आहे काय?"

"टाकते. पहिल्या दिवशी साहेब जागेवर नसेल, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर पाठवतील. तेवढे दिवस यांच्याजवळ तू बसशील?"

कमलने पदराने तोंड पुसलं. "सकाळचं जमेल गं. दुपारी माझं पोळ्यांचं काम असतं."

सभेचा वृत्तांतही जानकीबाईंनाच लिहायचा होता. लिहिला, सही केली.

लाद्यांचा ढीग उचलला गेला, सिमेंट पडलं, पिवळे पट्टे आले. एका सकाळी जानकीबाई वर गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. खाली बघितलं, तर निम्म्या गाड्या कामावर गेलेल्या आणि जमीन सपाट, एक खड्डा नाही. त्यांनी बालदी तिथेच ठेवली आणि नवऱ्याला घेऊन लिफ्टने खाली आल्या.

चंद्रप्रकाश पाय ओढत पिवळ्या पट्ट्यावरून चालले. टोकाला पोचून दमले.

"बसाक कायच नाय गे?"

"नाय. केतनाक विचारा."

त्यांनी टेकायला जवळच्या गाडीवर हात ठेवला, तर ती भोंग्यासारखी बोंबलायला लागली. केतन डब्याची पिशवी घेऊन धावत आला. बघतो तर म्हातारा थरथरतोय आणि जानकीबाईंनी त्याला कमरेला धरलंय. त्याने घाईघाईने आवाज बंद केला.

"काकू, ते... टेकू दे त्यांना. काही होत नाही गाडीला."

"तू कितीला निघतोस?"

"साडेनऊ."

"मग आम्ही दहाला येत जाऊ. तुझ्या जागेत वळायला बरं पडतं."

"रविवारी गाडी इथेच असते काकू," तो चाचरत म्हणाला.

"असू दे बाबा," जानकीबाई म्हणाल्या. "रविवारी आम्हीपण सुट्टी घेऊ."