कारणे दाखवा

बेसबॉल मी आयुष्यात एकदाही मैदानावर पाहिलेला नाही. तरी एक अख्खा अमेरिकन संघ मी तीन महिने चालवला, कॉम्प्युटरवर. त्या गेममध्ये नुसता संघाचा कारभार बघायचीही सोय होती. बॅट धरायची नाही, चेंडू टाकायचा नाही; खेळाडू घ्यायचे, विकायचे, नको झाले की काढून टाकायचे. खेळातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालायचं. हडपसरच्या आमच्या कंपनीतले निम्मे मॅनेजर एवढ्याच पात्रतेवर टिकून होते.

त्या कंपनीने मंदीत मला काढलं. काचेच्या खोलीत बोलावलं, कधी न पाहिलेली एक बाई गोड हसली, तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि माझं ओळखपत्र मागून घेतलं. आठ वर्षांचा निकाल ते पाणी संपायच्या आत लागला.

वारज्याला घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "आता घरूनच काम करायचंय." खरं सांगायची लाज वाटत होती. त्यांनी कधीकाळी आणून दिलेले सरकारी परीक्षेचे अर्ज मी कोरेच परत केले होते, वर त्यांच्या कारकुनीची टिंगल केली होती. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

मग रोज नऊला बरे कपडे घालून मी संघ चालवायला बसू लागले. बाबांचा जन्म सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत गेलेला. बदल्या, बढत्या, ज्येष्ठता यादी. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारा पहिला माणूस. आठवड्याभरात तेही खुर्ची ओढून शेजारी बसू लागले. हे क्लायंटचं काम आहे, असं मी बेधडक सांगितलं. टोप्या घातलेल्या त्या दांडग्या माणसांकडे बघत त्यांनी मान डोलवली.

"हा ज्येष्ठ असताना तो कालचा पोरगा वर कसा आणलास?"

"बाबा, इथे कामगिरी बघतात."

"असं का! मग याचा गोपनीय अहवाल कुणी लिहिला?"

मला त्यांची कीव यायची. टाचणी लावलेल्या कागदांत अडकलेला माणूस, असं वाटायचं. मी मात्र पुढारलेली, घरात इस्त्रीचा कुर्ता घालून रिकामी बसलेली.

एके दिवशी मी एक छत्तीस वर्षांचा गोलंदाज काढला. खांदा दुखावलेला, संघातला सगळ्यात जुना. 'नक्की काढायचं?' असं पडद्यावर आलं. मी 'हो' दाबलं आणि त्याचं नाव यादीतून गेलं.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"गेला."

"कारणे दाखवा नोटीस दिलीस त्याला?"

"अहो बाबा, खेळ आहे हा!" मी ओरडले. ओरडल्यावर कळलं काय बोलून बसले ते.

बाबा शांतच होते. "नोकरी गेली ते मला पहिल्याच दिवशी कळलं. घरून काम म्हणालीस, पण कंपनीच्या लॅपटॉपची बॅग काही घरात दिसेना. कपडे मात्र रोज इस्त्रीचे."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

"आमच्याकडे शिपायाला काढायचं तरी आधी नोटीस द्यावी लागायची," ते म्हणाले. "त्याचं म्हणणं लेखी घ्यावं लागायचं. तुम्ही हसता त्या कागदांना. तुझं म्हणणं घेतलं का कुणी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी कपाटातून रेघी कागद काढले, पेनाचं टोपण उघडलं, वर तारीख घातली आणि समास सोडला.

"सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग, पहिल्यापासून."

चार पानं झाली. ती कुठेही पाठवायची नव्हती. तरी शेवटी त्यांनी मला सगळं वाचून दाखवलं आणि खाली माझी सही घेतली.